लाल बाण आणि केळीची पानं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी इंग्रजीत लिहिलेल्या माझ्या प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण गाइड सरांकडून परत आलं, तेव्हा पानापानावर लाल बाण होते. शब्द एकही खोडलेला नव्हता. हा इथून उचल, तिथे ठेव, एवढंच बाण सांगत होते. आणि उचलायचं होतं ते प्रत्येक ठिकाणी क्रियाविशेषण.

विषय होता केळीच्या पानांतलं पोटॅशियम. रावेर-यावलकडच्या बागांतून पानं आणायची, धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, दळायची. केलं सगळं मीच, पण लिहायचं कर्मणीत. वाचणाऱ्याला पानांशी मतलब, धुणारा अमळनेरचा की चोपड्याचा याच्याशी नाही.

मी लिहिलं होतं, 'द लीव्ह्ज केअरफुली वेअर वॉश्ड'. कारण शाळेत मनात बसलेलं, की 'वेअर' आणि क्रियापदाचं तिसरं रूप ही जोडी फोडायची नाही. हा नियम कुठून आला कोण जाणे, पण आमच्या होस्टेलवर तो निम्म्या पोरांना पाठ होता. इंग्रजीत प्रत्यक्षात उलट चालतं. रीत किंवा प्रमाण सांगणारा शब्द त्या जोडीच्या मधेच बसतो: 'वेअर केअरफुली वॉश्ड'.

गंमत म्हणजे इथे आपला मराठी कान बरोबर असतो. 'पानं नीट धुतली गेली' यात 'नीट' कुठे आहे? 'धुतली'ला चिकटून, तिच्या आधी. तसंच इंग्रजीत करा. फसगत होते ती कर्तरीत. 'वी वॉश्ड केअरफुली द लीव्ह्ज' असं लिहिलं की गेलं, कारण तिथे क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द घुसवत नाहीत. कर्मणीत मागे कर्मच उरत नाही, म्हणून 'वेअर वॉश्ड केअरफुली' हेही चालतं. फक्त पुढे तापमान, वेळ, यंत्र अशी लांब शेपटी असेल तर तो शब्द शेपटीच्या टोकाला टांगू नका; वाचणारा तिथे पोचेपर्यंत धुणं विसरलेला असतो.

'हॅज बीन' आलं की माझी खरी अडचण व्हायची. दोन सहायक क्रियापदं, मग शब्द कुठे? रूममेटनं सोडवलं. "भो, कामाबद्दल बोलतोय की बातमीबद्दल?" काम कसं किंवा किती झालं हे सांगणारा शब्द तिसऱ्या रूपाजवळ: 'हॅज बीन वाइडली यूज्ड'. किती वेळा झालं, बहुधा झालं का, हे सांगणारा पहिल्या सहायकानंतर: 'हॅज ऑफन बीन रिपोर्टेड', 'हॅज प्रॉबेब्ली बीन डॅमेज्ड'. याला अपवाद सापडतात, पण प्रबंधापुरतं एवढं पुरलं.

'चांगलं' या अर्थाच्या 'वेल'चं मात्र वेगळं. कर्तरीत तो शेवटी जातो, कर्मणीत बहुतेकदा तिसऱ्या रूपाच्या आधी: 'द सॉइल इज वेल ड्रेन्ड'. हाच नामाच्या आधी आला की जोडरेघ घ्यायची, 'वेल-ड्रेन्ड सॉइल'. 'फ्रेशली कट लीव्ह्ज'मध्ये मात्र रेघ नाही, कारण 'ली'वाल्यांना ती लागत नाही. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, तीही मे महिन्यातल्या जळगावात, पंखा गरम वारा फेकत असताना.

सगळ्यात महागात पडला 'नॉट'. काही पानं पूर्ण वाळली नव्हती, ती आम्ही बाजूला काढली होती. मी लिहिलं, 'वेअर कम्प्लीटली नॉट ड्राइड'. सरांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे ही ओव्हनमध्ये ठेवलीच नाहीत?" मला म्हणायचं होतं 'वेअर नॉट कम्प्लीटली ड्राइड', पूर्णपणे वाळली नाहीत. मी लिहिलं होतं त्याचा अर्थ निघत होता, अजिबात वाळवलीच नाहीत. तोवर त्या पानाच्या चार प्रती निघाल्या होत्या. बाइंडिंगवाल्याकडे धावत जाऊन ते एक पान बदलून आणलं.