शून्य कचऱ्याचा ध्यास घेतलाय? विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यात मी खोलीतले सगळे प्लास्टिकचे डबे काढून टाकले. एकही फुटलेला नव्हता, झाकणं घट्ट बसत होती. त्यांच्या जागी काचेच्या बरण्या आणल्या, बांबूचा ब्रश आणला, धातूच्या स्ट्रॉ आणल्या आणि शून्य कचऱ्याला सुरुवात झाली असं मानलं. खरं तर त्या एका आठवड्यात माझ्या हातून जेवढा कचरा झाला, तेवढा आधीच्या महिन्याभरातही झाला नसेल. नंतर बरोबरीच्या अनेकांना हीच चूक करताना पाहिलं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते आहे.

वस्तू वापरात आहे तोवर ती कचरा नाही, मग ती प्लास्टिकची का असेना. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला होता. साध्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधायची तर फक्त हवामानावरच्या परिणामासाठी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे पर्यावरणीय निकष धरले तर तब्बल ७१०० वेळा. उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचं काय होतं, हे त्या हिशेबात नव्हतं. त्यामुळे यावरून प्लास्टिकच्या पिशव्या चांगल्या, असं मुळीच ठरत नाही. पण कपाटात सात कापडी पिशव्या असताना आठवी आणणं चूक आहे, हे नक्की ठरतं. आहे ती फाटेपर्यंत वापरा, फाटली की शिवा. नवी वस्तू जुनी खरोखर संपल्यावरच आणा.

मोबाइल आणि लॅपटॉपला तर हे दुपटीने लागू आहे. फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. बॅटरी बदलून तो आणखी दोन वर्षं चालवलात, तर बांबूच्या दहा ब्रशांनी होणार नाही एवढं काम होतं.

दुसरी चूक म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यामागे लागणं. वर्षभराचा कचरा एका छोट्या बरणीत मावल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. ते पाहून आपण वेष्टनं मोजायला लागतो आणि ताटात उरलेलं अन्न विसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. कचऱ्याच्या डोंगरात हवा न मिळता कुजणारं अन्न मिथेन सोडतं. वीस वर्षांच्या मापाने पाहिलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो.

विद्यार्थ्याचं अन्न वाया जातं ते बहुधा बेत फसल्यामुळे. परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक होणार नाही हे माहीत असूनही भाजी आणली जाते. मेसमध्ये एकदाच भरपूर वाढून घेतलं जातं. आमच्या खोलीत फ्रिजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवला, आणि एवढ्यानेच फेकणं निम्म्यावर आलं. ताटात कमी घ्या, पुन्हा उठून घ्यायला लाजू नका.

कंपोस्टबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त जण इथेच हात टेकतात. डबा आणला, साली टाकल्या, आठवड्यात वास सुटला, खोलीतल्या मैत्रिणी वैतागल्या, प्रयोग बंद. वास येतो याचा अर्थ डब्यात ओलं जास्त आणि हवा कमी आहे. सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. साली, उष्टं, चहाचा चोथा यांतून नायट्रोजन मिळतो. वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांतून कार्बन. तराजू लागत नाही. एक वाटी ओलं टाकलं की दोन-तीन वाट्या कोरडं टाका आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करा. चिलटं झाली असतील तर ओलं उघडं राहतंय, वर कोरड्याचा जाड थर द्या. महिना झाला तरी काहीच बदल नाही? मग एक तर डबा फार कोरडा आहे किंवा तुकडे मोठे आहेत. मूठभर माल दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतका ओलसर लागला पाहिजे. आणि खोलीत जागाच नसेल तर हट्ट धरू नका. कॉलेजच्या बागेत किंवा शेजारच्या सोसायटीत खड्डा असेल तर तिथे नेऊन टाकणंही तितकंच मोलाचं आहे.

‘विघटनशील’ असा शिक्का असलेले कप त्या डब्यात टाकू नका. त्यांतले बरेच पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते मोडायला साठ अंशांच्या आसपास तापमान सतत लागतं आणि ते मोठ्या प्रकल्पातच मिळतं. तुमच्या डब्यात ते महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहतील.

‘रिसायकल होईलच’ या भरवशावर काहीही टाकण्याची सवयही अशीच फसवी. २०१७ च्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचं रिसायकलिंग झालं होतं. तेलकट खोका किंवा गुळगुळीत थर्मल कागदाची पावती चांगल्या रद्दीत गेली, तर ती रद्दीही बिघडवते. शंका असेल तर विचारा, आशेवर टाकू नका.

मासिक पाळीच्या वेळी कप किंवा कापडी पॅड वापरायचे असतील तर आधी आपली राहण्याची जागा पाहा. सामायिक स्वच्छतागृहात बेसिन बाहेर असेल तर पाण्याची बाटली आत न्या. कप दोन पाळ्यांच्या मध्ये उकळा. पॅड आधी थंड पाण्यात धुवा, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग उन्हात खडखडीत वाळवा. धुण्या-वाळवण्याची सोयच नसेल तर नेहमीचे पॅड वापरा आणि मनाला लावून घेऊ नका. औषधांच्या बाबतीतही तेच. तब्येतीवर काटकसर करायची नसते.

खोलीत एकत्र राहणाऱ्यांना उपदेश करणं ही चूक मला फार उशिरा कळली. कुणाच्या हातातला कागदी कप पाहून मी बोलायचे आणि समोरची गप्प व्हायची. पुढे मी बोलणं सोडून दिलं आणि दोन जादा कप धुऊन दाराजवळ ठेवायला लागले. ते वापरले जायला लागले.

शेवटची चूक वर्षाच्या शेवटी होते. वर्षभर जपून वागलेला विद्यार्थी खोली सोडताना बादली, गादी, टेबललॅम्प, वह्या, हँगर सगळं एका दुपारी दाराबाहेर रचून मोकळा होतो. शेवटच्या दिवशी घ्यायला कुणी उरलेलंच नसतं, म्हणून हे काम तीन आठवडे आधी सुरू करा. पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी वस्तूंची यादी फोटोंसह लावा. अर्ध्या वह्यांची कोरी पानं काढून एकत्र शिवा. बिघडलेले चार्जर आणि जुन्या बॅटऱ्या वेगळ्या बांधून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, कारण लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. आणि वॉर्डनना आधीच भेटून एखादी रिकामी खोली किंवा जिन्याखालची जागा मागून घ्या. आम्हाला ती मागितल्याबरोबर मिळाली. त्याआधी कुणी मागितलीच नव्हती.