किनाऱ्यावर चित्र काढायला जाताय? या चुका टाळा

हर्णै, आंजर्ले, मुरुड, कर्दे. दापोलीच्या या पट्ट्यात दर हिवाळ्यात जलरंगांच्या निसर्गचित्रण शिबिरांना मी मदतनीस म्हणून जातो. माणसं नवी असतात, चुका मात्र त्याच.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पंचांग न बघता खाडीवर बसणं. आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी आम्ही सकाळी ९ वाजता बसलो होतो. संकष्टी होती. पाणी पार उतरलेलं, होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या. पुण्याहून आलेल्या एका ताईंनी लगेच एक होडी धरली. फळ्या, दोर, नांगर, कडेला रंगवलेलं नाव, असं सगळं पेन्सिलीने काढण्यात दीड तास गेला. "आधी मोठे आकार मांडा," असं मी दोनदा सांगितलं. "झालंच," म्हणाल्या. साडेदहाला पाणी होडीच्या पोटाखाली शिरलं. अकराच्या सुमारास होडी सरळ झाली आणि भरतीच्या ओढीने समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. ताई तशाच रंगवत राहिल्या. चित्रात होडी ९ ची, पाणी १२ चं, सावल्या काही लांब, काही आखूड. खांद्यावर जाळं घेऊन चाललेला एक खारवी थांबला, वाकून बघितलं आणि काळजीने विचारलं, "बुडते काय ही होडी?"

किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, दुपारी ३ च्या आसपास पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे पावणेनऊच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. हिशोब अंदाजाचा आहे, पण चित्राला पुरतो. खडकावर उतरून बसायचं असेल तर मात्र भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकच बघा.

बसल्यावर पहिली २० मिनिटं मी रंगाची पेटी उघडत नाही. तळहाताएवढ्या तीन चौकटी आखतो. प्रत्येकीत तीनच टोन ठेवतो: उजेड, मधला, काळोख. सावली कुठे पडली आहे ते त्यात पक्कं करतो आणि नंतर सूर्याने काहीही केलं तरी बदलत नाही. ही २० मिनिटं नवशिक्यांना वाया गेल्यासारखी वाटतात. सगळ्यांना पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, मारायची घाई! पण दुसऱ्या दिवशी त्याच ताईंनी आधी चौकटी केल्या आणि तीच होडी ४० मिनिटांत उतरवली.

"फोटो काढून ठेवतो, खोलीवर पूर्ण करतो." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. फोनच्या फोटोत सावल्या काळ्याठिक्कर होतात नाहीतर आकाश पांढरं फटक पडतं. होडीच्या सावलीतला जांभळा, ओल्या पुळणीवरून परतून आलेला उजेड तिथे बसल्याशिवाय दिसत नाही. त्या उजेडासाठीच तर इतक्या लांब यायचं.

समुद्र निळा रंगवणं ही माझी दुसरी दुखरी नस. खाडीच्या तोंडाशी पाण्यात गाळ असतो. अंगावर येणाऱ्या लाटेची उभी बाजू मातकट-हिरवी दिसते, आकाशाचा निळा पडतो तो सपाट पाण्यावर आणि ओल्या वाळूवर. ट्यूबमधला सेरुलियन निळा तसाच फासला की पोहण्याचा तलाव होतो. मी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घेतो, राखाडी हवा असेल तर बर्न्ट सिएनाचं (तांबूस तपकिरी) टोक. माडांचंही तसंच. नुसता सॅप ग्रीन नको. उन्हात झावळीवर आकाश चमकतं, ती जागा जवळपास राखाडी असते.

कागदावर ऊन घेऊन बसू नका. उन्हात झगझगीत दिसलेलं चित्र घरात काळवंडतं. गॉगल लावून रंग कालवू नका. ईझलला, म्हणजे चित्राच्या स्टँडला, दगडांची पिशवी टांगा, वारा सांगून येत नाही. भांड्यात समुद्राचं पाणी नको, मीठ कागदावर उमटतं. सनस्क्रीनचे हात धुऊनच कागदाला लावा. तेलकट बोटाच्या जागी रंग धरत नाही. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं, बसलात की तेही खाली येतं. अर्धं चित्र बसून आणि अर्धं उभं राहून काढू नका. हर्णैच्या मासळीच्या लिलावात बैलगाड्यांच्या वाटेत पाट मांडू नका, तिथे लोकांचं पोट आहे.

आणि वॉश वाळू द्या. ऊन चढल्यावर तो बघता बघता वाळतो, पण सकाळच्या दमट हवेत नाही. वर कोरडा दिसतो, आत ओल असते. घाईने दुसरा हात मारला की फुलं पडतात, म्हणजे रंग पसरून फुलासारखे डाग उठतात, आणि ती काही केल्या निघत नाहीत. मी बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच लावतो. गार लागलं की ब्रश खाली ठेवतो आणि थर्मासमधला चहा ओततो.