चोर बिस्किटाचा पुडा घेऊनच येतो

सांगली-मिरज रस्त्याजवळ आमचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे. लग्नाला, तिरुपतीला, मुलाकडं पुण्याला जाताना लोक कुत्री आमच्याकडं सोडतात आणि सोडताना बहुतेक जण एक वाक्य हमखास ऐकवतात: "आमचा परक्याला जवळ येऊ देत नाही हो!" मालकाची गाडी वळेपर्यंत तोच वाघ माझ्या हातातलं पार्ले-जी खात असतो. लॅब्रॅडॉर असेल तर गाडी वळायचीही वाट बघत नाही. तेव्हा कुत्रं स्वतःची राखण करील हा भरवसा आधी सोडा. ते घर राखेल. त्याला राखायचं तुम्ही.

आमिषाची युक्ती काही नवी नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे काय हे समजावताना नेमकं हेच उदाहरण दिलं होतं: खिशात खाऊ ठेवून, लबाडीनं, दुसऱ्याचं कुत्रं आपल्या मागं लावलं, तर ते मागं चालू लागताक्षणी चोरी झाली. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम 303 खाली ते उदाहरण आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

नेतात कुणाला? जातिवंत पिल्लं आणि ऑपरेशन न झालेल्या माद्या, या दोघांना माझ्या मते सगळ्यात जास्त धोका. मादी म्हणजे दर वेताला पैसा. आमच्या पट्ट्यात कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांवरही डोळा असतो. रस्त्यात कुणी गाडी थांबवून "ताई, मादी आहे का? किती महिन्यांची? आमच्याकडं नर आहे," असं सुरू केलं, की माझं उत्तर ठरलेलं: "पिशवी काढलीय." ते खरंही आहे, आमच्या कुत्रीची, बिजलीची, काढलीय. पिल्लं घ्यायची नसतील तर तुम्हीही काढून टाका. गर्भपिशवीत पू होण्याचा धोका जातो आणि चोराचा रसही जातो. विचारणारा प्रत्येक जण चोर नसतो, पण घर कुठं, फिरायला किती वाजता येता, दिवसा घरी कोण असतं, ही माहिती कुणालाच द्यायची नाही. स्टेटसला "आम्ही गोव्यात" टाकणाऱ्यांना तर हात जोडते.

आता पट्टा. दुकानात मिळणाऱ्या साखळीच्या टोकाला जो अंगठ्यानं उघडणारा हूक असतो, तो चोराच्याही अंगठ्यानं उघडतो. हार्डवेअरच्या दुकानातून फिरकीनं बंद होणारी कडी आणा आणि तो हूक बदला. कारवानी, मुधोळ असल्या सडपातळ कुत्र्यांचं डोकं निमुळतं, मान जाड. साधा पट्टा कानांवरून सर्रकन निघतो. त्यांना मार्टिंगेल पट्टा घाला: ओढ बसली की तो थोडा आवळतो, पण फास लागत नाही. मापताना पट्टा पूर्ण ओढून धरा, कानामागून सरकत नाही ना बघा, आणि श्वासाला अडत नाही ना तेही.

अंगणात बांधून ठेवणं हा सुरक्षेचा उपाय नव्हे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. मोकळं ठेवा, पण फाटकाला आतून कुलूप हवं, आणि रस्त्यावरून कुत्रं दिसू नये म्हणून खालच्या भागाला पत्रा किंवा शेडनेट. कुणी घरी नसेल तेव्हा कुत्रं घरात. किराणा दुकानाबाहेर खांबाला बांधून "दोनच मिनिटं" आत जाणं कायमचं बंद करा. मोटरसायकलवर दोघं, मागच्याच्या मांडीवर पोतं; एवढ्या तयारीला दोन मिनिटं पुरतात.

परक्याचं खायचं नाही, हे शिकवता येतं. थोडंफारच, पण शिकवा. कुत्रं पट्ट्यावर धरा. त्याच्या ओळखीचा नसलेला माणूस मूठ बंद करून बिस्किट पुढं करील. कुत्रं हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही, ओरडायचंही नाही. कंटाळून त्यानं तुमच्याकडं वळून बघितलं, की त्याच क्षणी तुमच्या हातून चिकनचा तुकडा. जमू लागलं की मूठ उघडी ठेवून, मग बिस्किट जमिनीवर टाकून, आणि दर वेळी वेगळा माणूस. तरी मटणाच्या हाडापुढं हे शिक्षण टिकेलच असं नाही.

गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर घाला, कुत्र्याचं नाव नको. नाव कळलं की हाक मारणं सोपं जातं. मायक्रोचिप जरूर बसवा. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. पण चिप म्हणजे जीपीएस नाही. कुत्रं कुठं आहे ते ती सांगत नाही. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो, एवढंच. तो नंबर लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांकडून लिहून, शिक्का मारून घ्या. एअरटॅग, म्हणजे पट्ट्याला अडकवायचा ॲपलचा छोटा माग काढणारा बिल्ला, आसपास आयफोन असतील तरच माग दाखवतो, शिवाय चोराच्या फोनवरही सूचना जाऊ शकते. सिमवाला जीपीएस पट्टा बरा, पण चार्ज करायला विसरायचं नाही, आणि चोर पट्टाच काढून फेकतो हेही धरून चाला.

कागद आणि फोटो आजच जमवा: महापालिकेचा परवाना असेल तर तो, खरेदीची पावती, दोन्ही बाजूंचे, चेहऱ्याचे, पोटावरच्या ठिपक्यांचे फोटो, आणि एक तरी तुमच्यासोबतचा. पिल्लू असेल तर दर महिन्याला नवीन फोटो. सहा महिन्यांनी ते ओळखू येत नाही.

गेलंच, तर पहिला तास हाका मारण्यात घालवू नका. एकानं गल्लीत शोधावं, दुसऱ्यानं शेजाऱ्यांचं आणि दुकानांचं सीसीटीव्ही बघावं. बरेच कॅमेरे काही दिवसांनी जुनं पुसतात. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेलं कुत्रंही कुणीतरी उचलून घरी नेऊ शकतं, म्हणून "हरवलं असेल" म्हणत बसू नका. पोलिसांकडं चोरीचीच तक्रार लिहा, न्याय संहितेचं कलम 303(2) म्हणा. राहत्या घरातून नेलं असेल तर 305. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालय असेल तर आयुक्तालयात, लेखी पाठवा आणि पोच ठेवा. जनावरांच्या डॉक्टरांना फोटो आणि चिपचा नंबर पाठवा.

फोटो सगळीकडं फिरवा, पण अंगावरची एक खूण लपवून ठेवा. "सापडलाय, आधी जीपेला पाच हजार टाका," असे फोन येतील. त्यांना ती खूण विचारा, आत्ता काढलेला फोटो मागा. बोलणं फिरवलं तर फोन ठेवा. खूण बरोबर सांगितली तर भेटायची जागा पोलिसांना कळवा आणि एकट्यानं जाऊ नका.