जुन्या थिओडोलाइटचे अंशचक्र : आधी तपासणी, मग दुरुस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत घडवलेला पितळी थिओडोलाइट, म्हणजे सर्वेक्षणात कोन मोजण्याचे यंत्र, हाती आला की बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो आणि निम्मे नुकसान तिथेच होते. त्या काळच्या यंत्राचे सारे मोल त्याच्या अंशचक्रात, म्हणजे अंशांच्या रेघा आखलेल्या चाकात, असते. चक्राच्या काठात बहुधा चांदीची पातळ पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावरच्या रेघा इतक्या उथळ असतात की धातूचे पॉलिश दोन-चार वेळा चोळले तरी त्यांच्या कडा बोथट होतात. मग रेघ नेमकी कुठे आहे हे व्हर्नियरवर, म्हणजे दोन रेघांमधला सूक्ष्म भाग वाचण्याच्या छोट्या मोजपट्टीवर, ठरवता येत नाही. म्हणून आधी मोजावे, नंतर उघडावे आणि घासण्यावाचून गत्यंतरच नसेल तेव्हाच घासावे.

पहिली तपासणी यंत्र न उघडता करता येते. यंत्र भक्कम आधारावर ठेवून पाणसळीने समपातळीत आणावे आणि समोरासमोरच्या दोन्ही व्हर्नियरांवर दर ३० अंशांनी वाचन घ्यावे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या वाचनातून पहिले वाचन आणि १८० अंश वजा करून उरलेला फरक मांडावा. समजा, सहा इंच व्यासाच्या, २० सेकंदांपर्यंत (अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटे, मिनिटाचे ६० भाग म्हणजे सेकंद) वाचता येणाऱ्या चक्रावर हा फरक शून्य अंशावर +६० सेकंद, ९० अंशांवर +२०, १८० अंशांवर −२० आणि २७० अंशांवर पुन्हा +२० आला. यातील कायमचे २० सेकंद म्हणजे दोन व्हर्नियर नेमके समोरासमोर नाहीत एवढाच अर्थ. त्याच्या वरखाली होणारे ४० सेकंद मात्र चक्राचे केंद्र आणि फिरण्याचे केंद्र एक नसल्याचे सांगतात. हिशेब केला तर हे अंतर सुमारे ०.००७ मिलिमीटर भरते. ते दुरुस्त करायला जाऊ नये, कारण दोन्ही व्हर्नियरांची सरासरी घेतली की हा दोष आपोआप निघून जातो. त्या काळच्या कारागिरांनी दोन, तीन, कधी त्याहूनही अधिक वाचनस्थाने ठेवली ती याचसाठी. फरकांचा आलेख असा लयीत न चढता-उतरता मध्येच कुठेतरी उसळला, तर मात्र चक्र वाकले आहे किंवा रेघा चुकल्या आहेत असे समजावे.

यंत्र उघडताना स्क्रूंकडे विशेष लक्ष द्यावे. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने आट्यांच्या प्रमाणीकरणाची योजना मांडली ती १८४१ मध्ये. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत, इतकेच नव्हे तर एकाच यंत्रातील दोन सारखे दिसणारे स्क्रूही एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. अनेकदा स्क्रूच्या डोक्यावर आणि भोकाशेजारी टोच्याने मारलेले सारखे ठिपके दिसतात. ते नसतील तर पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवावा. दुर्बिणीची वस्तुभिंगे सुटी करण्यापूर्वी दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलीने इंग्रजी ‘व्ही’सारखी एकच खूण ओढावी, म्हणजे ती पूर्वीच्याच दिशेने परत बसतात. पितळ धुण्यासाठी अमोनिया असलेले द्रावण अजिबात वापरू नये. ठोकून कडक केलेल्या पितळेत ताण दडलेला असतो आणि अमोनिया लागला की तिथे तडे जातात. ब्रिटिश लष्कराच्या भारतातील काडतुसांना पावसाळ्यात तडे जात, त्याच्या मुळाशी हेच कारण होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरते.

उभा आस अडखळत असेल तर तो एमरीने, म्हणजे घासण्याच्या कठीण भुकटीने, घासण्याचा मोह टाळावा. एमरीचे कण मऊ धातूत रुततात आणि नंतर वर्षानुवर्षे पोलाद झिजवत राहतात. आसावर लाल रंगाचा अगदी पातळ लेप देऊन तो खोबणीत एकदा फिरवावा, रंग कुठे लागला ते पाहावे आणि तेवढाच उंचवटा पाजळदगडाच्या बारीक भुकटीने, तेलात, थोडा थोडा उतरवावा.

वाकलेले चक्र सरळ करणे हे सर्वांत धीराचे काम, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्टन यांचा ३६ इंच व्यासाचा, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवला होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि चक्राचा आकारच बिघडला. लॅम्टन यांनी मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या मापाचे वर्तुळ कोरून घेतले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून चक्राचा काठ त्या वर्तुळाला भिडेपर्यंत बाहेर ओढला. या कामाला सहा आठवडे लागले. तत्त्व आजही तेच आहे : हातोडी वापरू नये, ताण हळूहळू द्यावा आणि पितळ थोडे मागे येते हे गृहीत धरून किंचित जास्त ओढावे. ताण सोडल्यावर चक्र रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशीच मोजावे. असे चक्र आकाराने जुळले तरी रेघांमधले अंतर सगळीकडे सारखे राहत नाही. म्हणून पुढे प्रत्येक कोन चक्राच्या वेगवेगळ्या भागांवर, शून्य बदलून मोजावा आणि सरासरी घ्यावी.

रेघा पुरत्याच गेल्या असतील तर चक्र नव्याने विभागावे लागते. अठराव्या शतकातील लंडनचा उपकरणकार जॉन बर्डने केवळ निम्मे करत जाण्यावर भर दिला, कारण कंपासने कंस निम्मा करणे तीन किंवा पाच भाग करण्याहून खात्रीचे असते. त्यासाठी त्याने ८५ अंश २० मिनिटांचा कंस घेतला. त्यात पाच-पाच मिनिटांचे बरोबर १०२४ भाग बसतात आणि १०२४ ही संख्या एकपर्यंत निम्मी करत आणता येते. उपकरणकार रॅम्सडेनच्या विभाजनयंत्राच्या, म्हणजे चक्रावर रेघा आखणाऱ्या यंत्राच्या, चाकाला २१६० दाते होते, त्यामुळे ते फिरवणाऱ्या मळसूत्राचा एक फेरा म्हणजे १० मिनिटे. यंत्राने काम झपाट्याने होते, पण यंत्राचा दोष प्रत्येक चक्रावर जसाच्या तसा उमटतो.

माझ्या मते हाताने काम करणाऱ्याने लंडनचा उपकरणकार एडवर्ड ट्रॉटनची १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अनुसरावी. त्याने चक्राच्या काठावर एक रूळ फिरवून २५६ ठिपके पाडले आणि ते अचूक असल्याचा आव आणला नाही. समोरासमोर दोन सूक्ष्मदर्शक लावून आधी अर्ध्या वर्तुळाचे, मग पाव वर्तुळाचे, असे करत प्रत्येक ठिपक्याची चूक मोजली आणि तिचे कोष्टक केले. खऱ्या रेघा ओढताना ती चूक वजा केली. ठिपके पुसून पुन्हा पाडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे. तापमानाबद्दल एक खुलासा करायला हवा : चक्र सगळीकडे सारखे तापले तर कोन बदलत नाहीत, पण एका बाजूला दिवा किंवा काम करणाऱ्याचे अंग जवळ आले की बदलतात. म्हणून दिवा दूर ठेवावा आणि चक्राला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ही विद्या लंडनपुरती राहिली नाही. लॅम्टन यांचे जुने यंत्र पुढे हेन्री बॅरो यांनी कलकत्त्यात नव्याने बांधले, आणि १८४३ मध्ये सर्वेक्षण खात्याचे उपकरणकार म्हणून अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांची नेमणूक झाली.

दुर्बिणीतील आडव्या-उभ्या तारा तुटल्या असतील तर कोळ्याचा धागा वापरावा. दोन टोकांच्या चिमट्यावर धागा गुंडाळून घ्यावा, त्याच्या टोकांना मेणाचे छोटे गोळे लावावेत, दमट बोटाने धागा किंचित ओला करावा आणि तो कड्यावरच्या खाचांत अलगद उतरवावा. गोळ्यांच्या वजनाने धागा ताठ झाला की दोन्ही टोकांना लाखेच्या द्रावणाचा एकेक थेंब लावावा आणि पूर्ण वाळेपर्यंत गोळे काढू नयेत. नंतर त्यावर हलकेच श्वास सोडावा. दमट हवेने धागा सैल पडताना दिसला तर तो काढून टाकावा आणि दुसरा अधिक ताण देऊन बसवावा.