फ्रेंच क्रियापदांचा तक्ता आधी कानाने शिका

फ्रेंचच्या वर्गात 'पार्ले', म्हणजे बोलणे, या क्रियापदाचा तक्ता लवकरच फळ्यावर येतो आणि सगळे सहा ओळी घोकायला बसतात. मी नवख्यांचा सराव घेते तेव्हा आधी वही मिटायला सांगते. लिहिताना निरनिराळी दिसणारी ही रूपं कानाला तीनच आहेत. मी, तू, तो, ते या चौघांना एकच 'पार्ल'; आम्हीला 'पार्लों', तुम्हीला 'पार्ले'. 'ते'च्या रूपाच्या शेवटी लिहिलेलं ई-एन-टी उच्चारायचंच नसतं.

आता आघात, म्हणजे उच्चारातला जोर. फ्रेंचमध्ये तो एका दमात बोललेल्या शब्दांच्या शेवटच्या पूर्ण अक्षरावर पडतो; अक्षर म्हणजे इथे लिहिलेलं अक्षर नव्हे, एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. 'पार्ल'मध्ये तो धातूवरच राहतो, 'पार्-लों' म्हणताना प्रत्ययावर सरकतो. एवढं पक्कं झालं की 'अनियमित' म्हणून घाबरवणारी निम्मी क्रियापदं सरळ होतात. येणे या क्रियापदाचं 'ज व्यें' (मी येतो), 'इल व्यें' (तो येतो), पण 'नू व्-नों' (आम्ही येतो). विकत घेण्याचं 'जा-शेत', पण 'नू-झाश्-तों': आघात पुढे गेला आणि मधला स्वर जवळजवळ गिळला गेला. 'व्यें'चं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे आघाताखालचा स्वर पुढे फुटून 'ये' झाला, आघात नसलेला तसाच अशक्त राहिला. मूल-मुलाला, बहीण-बहिणीला म्हणताना आपणही शेवटच्या अक्षरातला दीर्घ स्वर पुढे प्रत्यय आला की ऱ्हस्व करतो, त्यामुळे मराठी कानाला ही चाल परकी नाही.

अक्षरं तोडताना शब्दांच्या सीमा विसरा. 'तो प्रेम करतो' हे 'इल एम' असं लिहिलेलं दिसतं, पण ऐकू येतं 'इ-लेम'. अनेकवचनी 'इल-झेम'. मधला तो 'झरा'तला झ हीच अनेकवचनाची एकमेव खूण, आणि श्रवणपरीक्षेत नेमकी तीच निसटते. 'इल पार्ल'मध्ये तर तीही नाही. एकवचन की अनेकवचन हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ओळखावं लागतं.

आज्ञार्थ मला सगळ्यात सुंदर वाटतो. 'मी ते देतो' म्हणताना 'जल दॉन', त्यातला 'ल' पुसट. पण 'ते दे' म्हणताना तोच 'ल' शेवटी येतो आणि पूर्ण आघात घेतो: 'दॉन-ल!'

सरावाला सहा ओळी क्रमाने म्हणू नका. मी आणि आम्ही अशा जोड्या लावा: पिणे या क्रियापदाचं 'ज ब्वा, नू ब्यु-वों', 'करायला हवं' या अर्थाच्या क्रियापदाचं 'ज द्वा, नू द्-वों'. शेवटच्या अक्षरावर टाळी द्या, आणि मगच स्पेलिंग लिहा.