नातवंडांकडून शिकताय? मग या चुका टाळा

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. मागं राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं. पुढचे पाच-सहा महिने बँकेचा मेसेज, शाळेची चिठ्ठी, दवाखान्याच्या गोळ्या, मायबापाला लावायचा फोन, सगळं या दोघांनीच बघायचं. आजीला अक्षर येत नाही, आजोबांना फोन उचलण्यापलीकडं काही जमत नाही, आणि चौथीतल्या नातीला दोन्ही येतं. शिकायला घरातच माणूस आहे. तरी बहुतेक घरांत हे शिकणं दोन-चार दिवसांत बंद पडतं. लेकरू चिडतं, नाहीतर म्हातारं माणूस ‘जाऊ दे, आता या वयात’ म्हणून उठतं. हे बंद पडण्याची कारणं तीच ती असतात, आणि बहुतेकांवर घरच्या घरी इलाज आहे.

‘तूच करून दे’

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. आजोबा म्हणतात, ‘हप्ता आला का बघ गं.’ नात डोळ्याचं पातं लवायच्या आत बघते, ‘आला’ म्हणते, फोन परत देऊन खेळायला पळते. काम झालं, पण आजोबा होते तिथंच राहिले. पीएम किसानचे ६००० रुपये वर्षातून तीनदा, दोन-दोन हजारांनी येतात. म्हणजे पुढच्या वेळी विचारेपर्यंत चार महिने गेलेले असतात आणि बघितलेलंही विसरलेलं असतं.

इलाज असा: फोन आजोबांच्या हातात, नातीचे हात पाठीमागं. तिनं फक्त तोंडानं सांगायचं. ‘हे दाबा, ते दाबा’ चालणार नाही, ‘खालचं हिरवं गोल दाबा’ असं नीट सांगावं लागेल. लेकरांना असा नियम असलेला खेळ आवडतो. ‘आज्जा, तुमीच दाबा, मी न्हाई हात लावणार’ असं ती मोठ्या ऐटीत म्हणते. वेळ तिप्पट लागतो, तो लागू द्यावा.

आणि एका वेळी एकच गोष्ट. पहिले आठ-दहा दिवस फक्त मायबापाला व्हिडिओ कॉल लावणं. बाकी काही नाही. रात्री-अपरात्री लेकराला ताप भरला आणि तेच झोपलेलं किंवा ग्लानीत असलं, तर फोन आजीलाच लावावा लागणार आहे. माझ्या मते ऊसतोडीच्या घरात टोळी निघायच्या आधीच हे आजीच्या हातात बसलं पाहिजे. आई-बाप घरात असतानाच एकानं या खोलीतून त्या खोलीत फोन लावून बघावा.

दोष बोटाचा, बोल डोक्याला

‘मी दाबते तर होत नाही, पोरीनं दाबलं की होतं.’ हे ऐकलं की घरची माणसं हसतात आणि आजीला वाटतं आपलंच डोकं चालत नाही. खरं कारण बोटात आहे. मोबाइलचा पडदा बोटातल्या ओलाव्यावर आणि स्पर्शावर चालतो. जन्मभर खुरपणी, कापूस वेचणी, धुणंभांडी केलेल्या बोटाची कातडी कोरडी आणि जाड झालेली असते, ती पडद्याला लवकर कळत नाही. रेशन दुकानात अंगठा जुळत नाही, तिथं बहुतेकदा रेषा झिजल्याचं कारण असतं. बोट ओल्या फडक्यावर टेकवून पुसून घ्या आणि मग दाबा. पडद्यावरची काच जाड किंवा तडकलेली असेल तर बदला. नखानं दाबू नका, बोटाचं पेर टेका. दाबून धरूही नका, धरून ठेवलं की फोनला ती वेगळीच आज्ञा वाटते.

दुसरं कारण डोळ्याचं. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, मोतीबिंदू पिकत आलेला असतो, आणि घरात त्याला ‘फोन येत नाही’ असं नाव पडतं. शिकायला बसायच्या आधी डोळे तपासून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं आणि भाषा मराठी करणं हे नातवंडाचं पहिलं काम. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांच्यासाठी कीबोर्डवर माइकचं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं की फोन स्वतः लिहितो. आपल्याकडची बोली त्याला कधी कधी उमगत नाही, तेव्हा जरा सावकाश, पुस्तकी बोलावं लागतं.

चुकायला भिणं

लहान लेकराकडून खरं शिकायचं असेल तर हे शिका. ते चुकीचं दाबतं, मागं येतं, पुन्हा दाबतं. त्याला लाज वाटत नाही. आपण मात्र ‘बिघडलं म्हंजे?’ म्हणून बोट वर धरून बसतो. पैशाचं ॲप सोडलं, तर मागं येण्याचं बटण दाबून फोन बिघडत नाही. कुठंही अडकलात तर मागं, मागं, पहिल्या पानावर या आणि नव्यानं सुरू करा. हे एवढं नातवाकडून आधी शिकून घेतलं की निम्मी भीती जाते.

तेच विचारण्याचं. लेकरू दिवसभर ‘कामून? असं कामून?’ करत फिरतं आणि आपण चौथ्यांदा विचारायला संकोचतो. पैठणजवळच्या आपेगावच्या मुक्ताबाईंना चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी गुरू केलं, ही कथा आपण कीर्तनात माना डोलावत ऐकतो. मग घरातल्या पोरीला पाचव्यांदा विचारायला हरकत कसली? तरीही जड जात असेल तर नातीला वहीत चित्र काढायला सांगा: हिरवं गोल, त्याच्यापुढं बाण, मग कॅमेऱ्याचं चित्र. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही वही फार उपयोगी पडते, आणि नात शाळेत गेली तरी वही घरात असते.

मधली पिढी इथं नकळत घात करते. आजी चुकली की मुलगा-सून हसतात, किंवा फोन हिसकावून ‘आण इकडं’ म्हणतात. कृपा करून हे करू नका. शिकवणारं लेकरू आणि शिकणारी आजी या दोघांत तिसऱ्यानं बोलू नये.

लेकराला सगळंच कळतं असं समजणं

नातवाला ॲप चालवता येतं, पण समोरचा माणूस खोटं बोलतोय हे ओळखता येत नाही. ती पारख आजोबांकडं आहे. म्हणून पैशाच्या ॲपचा पिन, म्हणजे गुप्त आकडा, आजोबांनीच ठरवायचा, आजोबांनीच टाकायचा, नातवाला सांगायचा नाही आणि फोनच्या कव्हरवर लिहायचाही नाही. खात्यात पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा चोर आहे, हे दोघांनीही पाठ करून ठेवा. फसलात तर लाजेनं गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.

ई-पीक पाहणीत ही जोडी फार छान जमते. २०२१ पासून पिकाची नोंद शेतात उभं राहून, फोटो काढून ॲपवर करता येते. गट नंबर, बांध, कुठं सोयाबीन आणि कुठं तूर हे आजोबांना माहीत, बटणं नातवाला. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून जावं.

‘अ अननसाचा’पासून सुरुवात

आजीला अक्षरं शिकवताना लेकरू आपलं पहिलीचं पुस्तक काढतं. बिचाऱ्याला तेवढंच माहीत. पण जिनं अननस हातात धरला नाही तिला त्या चित्राचं काय? चार पानांत ती कंटाळते. आजीनं स्वतःच सांगावं, ‘आधी माझं नाव शिकव.’ मग नवऱ्याचं, लेकरांचं, गावाचं, तालुक्याचं. नंतर एसटीची पाटी. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्ध तिकीट आहे, आणि तरी ‘ही गाडी कुठं जाती?’ म्हणून दुसऱ्याला विचारावं लागतं. ‘सेलू’, ‘माजलगाव’, ‘वसमत’ अशा पाट्या वाचता आल्या की आजी दुसऱ्या दिवशी स्वतःहून शिकायला बसते.

पेन्सिल लगेच हातात देऊ नका. परातीत ज्वारीचं पीठ पसरून त्यात बोटानं मोठं अक्षर काढू द्या. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गोंधळ होणारच, ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. आणि लेकरू शाळेतून आल्या-आल्या त्याला बसवू नका. आधी भाकरी, मग खेळ, मग पंधरा-वीस मिनिटं शिकवणं. सोयाबीनच्या काढणीत आजी दमलेली असते, तेव्हा आठवडाभर सुट्टी घेतली तरी चालते, पण नंतर कधी बसायचं ते त्याच दिवशी ठरवून ठेवा.

हे शिकणं घरातच ठेवायचं असंही नाही. केंद्राच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात लिहिता-वाचता न येणाऱ्या १५ वर्षांपुढच्या कुणालाही नाव नोंदवता येतं, वरच्या वयाची अट नाही. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी तीन भागांची १५० गुणांची चाचणी होते. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ ला झाली, तेव्हा आज्यांनी शाळेच्या बाकावर बसून पेपर लिहिले. चौकशी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांकडं करावी. फी नाही. जाताना नातीलाही बरोबर न्या, शिकवणारी कोण हे गुरुजींना तिच्यासमोर सांगा.