लावणीत मान खाली घातली की पाठ का धरते?

भातलावणी सुरू झाली की आठवड्याभरात एक तक्रार हटकून कानावर येते. वाकल्यावर जेवढं दुखत नाही तेवढं मान खाली घातली की दुखतं. कुणाला दोन खवाट्यांच्या मधोमध, कुणाला थेट कंबरेत. मान वर हलते आणि कळ खाली येते, म्हणून घरचे 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देतात. मनाचे खेळ नाहीत ते.

मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कंबरेकडे जाणारा मज्जारज्जू आणि त्याचं आवरण अखंड असतं. हे आवरण वर कवटीला आणि खाली माकडहाडाकडे बांधलेलं असतं. हनुवटी छातीकडे नेली की ती पोकळी लांबते आणि आतलं सगळं ताणलं जातं. कंबरेतल्या मणक्यांमधल्या गादीने एखादी नस दाबून धरली असेल, तर वरून बसलेला हा ताण नेमका तिथे बोचतो. कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरली तर संशय नसेवरच घ्यावा.

मात्र लावणीतली बहुतेक दुखणी त्याहून साधी असतात. डोकं साधारण ५ किलोचं. उभ्या माणसाने मान ६० अंश झुकवली तर मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असा २०१४ सालचा एक अंदाज आहे. हा भार पेलणारे स्नायू मानेपासून खवाट्यांपर्यंत आणि पाठीच्या मधोमध पसरलेले असतात, म्हणून दुखतं पाठीत. शिवाय पूर्ण वाकून राहिलं की कंबरेचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर जातो. वीसेक मिनिटं तसंच राहिलं तर त्या पट्ट्या सैलावतात आणि उठल्यावरही काही वेळ सैलच राहतात. लावणीतून उठल्याबरोबर रोपांच्या मुठींचा भारा किंवा खताचं पोतं उचललं आणि पाठ 'धरली', हे बऱ्याचदा यामुळेच. उठल्यावर आधी बांधावरून पाच-दहा मिनिटं चाला, ओझं मग उचला.

विश्रांती घड्याळावर ठेवू नका, चिखलात घड्याळ कोण बघतं? हातातली मूठ संपली की पुढची उचलण्याआधी सरळ उभं राहायचं, हात कंबरेवर ठेवून दोन-तीनदा हलकेच मागे झुकायचं. रांगेत मागे पडू म्हणून बायका उठतच नाहीत, ही खरी अडचण. तेव्हा हा नियम सगळ्या रांगेने मिळून पाळावा आणि शेताच्या मालकाने स्वतः तसं सांगावं. काम फारसं मागे पडत नाही.

वाकताना गुडघे थोडे सैल, एक पाय पुढे, वाक कंबरेच्या खालून, खुब्यातून. मान पाठीच्या रेषेत राहू द्या. लोंबकळत सोडू नका आणि वाकलेल्या अवस्थेतच मान वर करून शेजारणीशी बोलूही नका. बोलायचं तर उभं राहून बोला. मूठ धरलेल्या हाताचं कोपर मांडीवर टेकवलं की पाठीवरचा भार कमी होतो. जुन्या जाणत्या बाया हे न शिकवताच करतात. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळलेलं बरं. तेवढ्यात बांधबंदिस्ती, दोरी लावणं उरकून घ्या.

रोपं उपटण्याआधी आवणात, म्हणजे रोपवाटिकेत, पाणी साठवून ठेवा, मुळं सुटी होतात आणि हिसका बसत नाही. रोपं २१ ते २५ दिवसांची असतानाच काढा. जून रोप हाताला आणि पाठीला, दोन्हीला जड. भाताच्या चारसूत्री लागवड पद्धतीत १५-२५ सेंटिमीटरच्या खुणांची दोरी वापरतात आणि एका चुडात, म्हणजे एका जागी, २-३ रोपंच लावतात, त्यामुळे अंतर बघायला मान सारखी वळवावी लागत नाही. पण त्यातल्या युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या, खोचणं हीदेखील वाकण्याचीच पाळी आहे. दिवसभर लावणी केलेल्या माणसांकडून ती संध्याकाळी करून घेऊ नका. पुढच्या वर्षासाठी नेरळच्या सगुणा बागेतली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत जरूर बघून या. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. तणाचा बंदोबस्त मात्र वेळेवर जमायला हवा.

काही लक्षणं अंगावर काढू नयेत. मान झुकवताच पाठीतून हातापायांत विजेसारखा झटका जाणं, सदऱ्याची बटणं लावता न येणं, चालताना चप्पल नकळत सुटणं, ही मज्जारज्जूवर दाब असल्याची किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याची चिन्हं असू शकतात. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. साठीपुढच्या बाईला वाकताना अचानक पाठीच्या मधोमध जोराची कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. ताप, भयंकर डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकतच नाही असं झालं, तर मेंदूज्वराची शक्यता असते, तिथे चोळण-शेकण्यात वेळ घालवू नका.

आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ताप येऊन कंबर आणि पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर ती लावणीची कणकण समजू नका. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या चिरांवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. अशा तापात दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी घातक ठरतात. पायाला जखम असेल तर गमबूट घाला, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आणि तपासायला गेल्यावर आपण चिखलात लावणी करतो हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगा. कोणती तपासणी करायची ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.